पाडव्यापर्यंत निळा

८ जाने. १९६४
डहाणू रोडला बावा डॉ.कडे जाऊन आले. तहान मरत नाही, रात्री सारखं उठावं लागतं, आणि मोरीत मुंग्या. सु. (सूनबाई, सुमन) परवा म्हणाली, "आई, मोरीत मुंग्या का हो लागतात?" मी म्हटलं तू पाणी नीट ओतत नाहीस म्हणून. आता तिला काय सांगू.

डॉ.ने नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब, खाली दिवा. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग सरळ विटेचा रंग. म्हणाला, "बाय, ह्यात तर चहा गोड होईल." स्वतःच हसला.

सांगितलं ते असं. साखर जिरवायचा रस माझ्या पोटात बनतो, हवा त्याहून जास्तच बनतो, पण अंगावरची चरबी त्याचं ऐकत नाही. रस बाहेरून दार ठोठावतो, आतून कोणी कडी काढत नाही. वजन उतरव, कडी निघेल. पाडव्यापर्यंत नळी निळी राहिली पाहिजे. नाही तर रोज सकाळी सुई, जन्मभर. काहीच केलं नाही तर डोळे जातात म्हणे.

म्हटलं रोज झाईहून इथे सुईला कोण येणार. म्हणाला, "कशाला येते? तुझी जाव नर्स होती ना कासाच्या दवाखान्यात. बाजूलाच ऱ्हाते."


तोंडात जे जाईल ते लिहून ठेव म्हणालाय. लिहीन. बाकीचंही लिहीन, वही माझी आहे.

९ जाने.
यमुनेकडून (जाऊ) सुई. म्हणजे रोज सकाळी तिच्या कुंपणातून आत जायचं आणि लुगडं वर करून तिच्यापुढे बसायचं. त्यापेक्षा डोळे गेले तरी... नाही, डोळे नको जायला. पण सुई नाही म्हणजे नाही.

वाटणीत तांब्याचा बंब आमच्याकडे आला. आतली जाळी तिने उचलून नेली, म्हणाली ही माझ्या माहेरची. जाळीशिवाय बंब पेटत नाही. नुसत्या जाळीवर ती काय करते देव जाणे, पापड भाजत असेल. दोन्ही घरं तेव्हापासून पातेल्यात पाणी तापवतात. दीर वारले तेव्हा मी तिच्याकडे तेरा दिवस जाऊन बसले. ती बोलली नाही, मीही नाही.

पाडव्यापर्यंत निळा आणणार.

११ जाने.
डॉ.च्या काट्यावर १९० भरले होते. आज बाळूने (मुलगा) गवताच्या वखारीत मला गठ्ठ्यांच्या काट्यावर बसवलं. ८६. तीन दिवसांत शंभरावर उतरले. धावत येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अशीच उतरत गेलीस तर पुढच्या आठवड्यात तुला शोधावं लागेल."
मग बाळूने समजावलं. डॉ.चा काटा जुना, रत्तलाचा, वखारीतला नवा, किलोचा. वजन तेवढंच. सरकारला मापं बदलायला हेच दिवस सापडले.

१४ जाने. संक्रांत
तिळाचे लाडू केले, एकही खाल्ला नाही. दोन खाल्ले. चव बघावी लागते, लोकांच्या हातावर काय ठेवणार.
शेजारी तिळगुळाला यमुना आली होती. मी माझ्या वाट्याचा लाडू ताटलीत तसाच ठेवला. तिने पाहिलं. तिनेही स्वतःचा ठेवला. माझी नक्कल करते.

२० जाने.
मार्ग सापडला. कमी खा म्हणतो ना, तर उपास धरते. सोमवार आहेच. आता गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. देवही खूष, बावाही खूष.
सो.: साबुदाण्याची खिचडी, तुपातली. रताळ्याचा कीस. वरीचा भात, दाण्याची आमटी. दूध. राजगिऱ्याचा लाडू. चिकू, घरच्या वाडीतले. पाखरांनी टोचलेले चिकू यात धरत नाही, ते नाही तरी फुकटच जातात.
भूक अजिबात लागली नाही. लोक उपासाला उगाच घाबरतात.

६ फेब्रु.
डॉ. रंग: विटकरी. मागच्याहून गडद. वजनही वर.
"बाय, खाते काय?"
"काही नाही. अर्धा आठवडा उपास असतो."
"उपासाला काय?"
सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला. कंपाउंडरला आत बोलावलं. "ऐक रे. बाय, परत एक वार बोल." मी परत सगळं बोलले. कंपाउंडर बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून हसला, मला काचेतून दिसलं.
"हा उपास हाय का लगनाचा जेवण?"
म्हटलं आमच्यात असाच असतो. म्हणाला, "देवाशी माझा झगडा नाय बाय. माझा झगडा साबुदाण्याशी."
साबुदाणा, रताळं, गूळ, सगळं बंद. चिकू पण बंद. टोचलेला पण. जन्म चिकूच्या वाडीत गेला आणि आता चिकू बंद.
आणि रोज चालायचं. घाम फुटेपर्यंत.

७ फेब्रु.
समुद्रावर जायला एकच पायवाट, यमुनेच्या गोठ्यामागून. गेले. पदर डोक्यावर, मान सरळ. ती धार काढत होती. गाईला म्हणाली, "बघ ग कपिले, कोण निघालंय. आज सूर्य समुद्रातून उगवला वाटतं."
मी उत्तर दिलं नाही. मी काही गाय नाही.

१० फेब्रु.
तिच्या कुंपणावर कावळा बसला होता. त्याला म्हटलं, "काही लोकांना दुसऱ्याच्या वाटेवर डोळे लावायला बरा वेळ मिळतो रे." कावळा उडाला. ती गाईला म्हणाली, "उडणारच. त्याला तरी किती ऐकवायचं."
घरी येईपर्यंत उत्तर शोधत होते. सापडलं तोपर्यंत भाकरी करपली.

११ फेब्रु. शिवरात्र
आज खरा उपास. पाणी आणि ताक. दुपारपर्यंत सु.वर ओरडले, मग ह्यांच्यावर. संध्याकाळी देवळात गुरव म्हणाला प्रसादाचं रताळं घ्या, त्याच्यावरही. शंकर तेवढा सुटला.

१६ फेब्रु.
आज कपिलेची शिकवणी. "कपिले, नुसतं चालून भागत नाही ग बाई. भात मूठभर घ्यायचा. नाचणीची भाकरी, भाजी दुप्पट. मेथी. वाल. बोंबील खायचे. आणि रमतगमत चालायचं नाही, दम लागला पाहिजे."
मी कावळ्याला म्हटलं, "बोंबील खाणारी गाय पहिल्यांदाच ऐकली."
गोठ्यातून हसल्यासारखा आवाज आला. गाईचा नव्हता.
संध्याकाळी कोळणीकडून बोंबील घेतले. मला खावेसे वाटले म्हणून घेतले.

२३ फेब्रु.
वाडीत चिकू उतरवणं चालू आहे. पेंढ्यात घातलेले पिकले, घरभर वास. दरवर्षी चाखून मी सांगते, मग करंड्या भरतात. यंदा सु.ने चाखला. डोळे मिटून, माझ्यासारखं तोंड करून. म्हणाली, "गोड आहे, आई."
गोड आहे ते वासावरून मलाही कळत होतं. वाडीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. पुन्हा गेले.

२ मार्च
डॉ. रंग: पिवळा. वखारीत ८२. बांगड्या कोपरापर्यंत जातात. पोलक्याला दोन्ही बाजूंनी टीप मारली. हे म्हणाले, "ओळखू येत नाहीस." म्हटलं आधी कधी नीट बघितलं होतं?
रात्री एकदाच उठते. सु. आज आपणहून म्हणाली, "आई, मुंग्या गेल्या." माझ्याबद्दल एवढं चांगलं ती लग्न होऊन आल्यापासून बोलली नव्हती.
पिवळ्याच्या पुढे हिरवा, हिरव्याच्या पुढे निळा. होईल.

२८ मार्च. होळी
तलासरीला बहिणीकडे. पुरणपोळ्या. काही लिहीत नाही.

३० मार्च
लिहिते. पाच. नारळाच्या दुधासकट. ताटावर बसल्या बसल्या बहीण म्हणाली, "किती वाळलीस ग." मला वाळलीस असं कोणी म्हणून जमाना झाला. त्या एका शब्दावर पाच गेल्या.
पाडवा तोंडावर आलाय. दोन वेळा चालते आहे, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. सुई डोळ्यांपुढे दिसते.

१ एप्रिल
गोठ्यात यमुना नव्हती. कपिला ओरडत होती, धार काढलेली नव्हती. कावळ्याला मोठ्याने विचारलं, "आज कोणाची झोप झाली नाही वाटतं?" आतून उत्तर नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा विचारलं. नाही.
मला काय करायचंय.

२ एप्रिल
आज होती. गाईशी बोलली नाही. बादली चाचपडत घेतली. हाडं दिसतात. पहिल्यापासूनच काटकुळी, आता नुसती उदबत्तीची काडी. मी महिने महिने चालून चार किलो उतरवले आणि ही घरी बसून वाळते. देवाचा न्याय बघा.

११ एप्रिल
परवा पाडवा. डॉ.कडे गेले. वखारीत ७९.
नळीखाली दिवा लावला. मी बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाला, "बघ बाय." हिरवा. कोवळ्या केळीच्या पानासारखा.
"निळा नाय," तो म्हणाला.
"विटकरीपण नाही."
"पाडव्याचा बोलला होता मी."
"पाडवा परवा आहे."
बाजारात वांग्यांवरून करतात तशी घासाघीस केली. शेवटी म्हणाला महालक्ष्मीच्या जत्रेनंतर परत ये, तोवर सुई नाय. पण होळी परत नाय करायची. पोळ्यांचं त्याला कसं कळलं? नळी चुगली करते.
निघताना म्हणाला, "जावेला सांग, बावा विचारत होता. येते का नाय ती?"
म्हटलं मी कोणाचे निरोप नेत नाही.

१२ एप्रिल
सकाळी गेले. सुई टळली हे कावळ्याला ऐकवायचं होतं. कावळा नव्हता. यमुना पडवीत बसलेली, पुढ्यात स्टोव्ह, त्यावर पातेलं, पातेल्यात काचेची पिचकारी उकळत होती. पाडवा आला म्हणून माझी तयारी मांडून बसली असं वाटलं आणि माझं डोकं फिरलं. कुंपणाच्या आत गेले. म्हटलं, "माझा हिरवा आलाय. तुझी सुई ठेव तुझ्याकडे."
गाय तिथेच उभी होती. गाईकडे न बघता म्हणाली, "ही माझीच आहे, जाऊबाई."

दीर गेले त्या वर्षापासून. रोज, स्वतःच्या हाताने, मांडीत. म्हटलं तू तर एवढी बारीक. म्हणाली, "बारकांचा वेगळा असतो. तुमच्यात रस आहे, कडी निघत नाही. माझ्यात रसच नाही."
मग पिचकारी माझ्यापुढे धरली. "ह्या रेघा दिसतात तुम्हाला?"
"दिसतात."
"मला दिसत नाहीत. महिना झाला, अंदाजाने घेते. त्या दिवशी जास्त गेली, आत पडून होते. कनवटीला गुळाचा खडा होता म्हणून उठले."
 त्या दिवशी मी दोनदा तिच्या दारावरून गेले होते. कावळ्याला टोमणे शिकवत.
म्हटलं, "बावाकडे का जात नाहीस?"
"तो म्हणणार दुसऱ्या कोणाकडून टोचून घे. दुसरं आहे कोण माझ्याकडे?"
म्हटलं, "मी आहे. कसं टोचायचं ते उद्या दाखव." 

१३ एप्रिल. पाडवा
गुढी उभारली. सगळ्यांना श्रीखंड, मला ताक. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू टोचणार? तुझ्या पायात काटा गेला तर सगळी वाडी गोळा होते."
दुपारी तिच्या पडवीत. कच्च्या चिकूवर शिकवते आहे. चिमटीत धरायचं, सुई एकदम घालायची, मग दट्ट्या सावकाश दाबायचा. पहिल्या चिकूतून सुई आरपार, माझ्या बोटात. चाचपून म्हणाली, "हा गेला." दुसऱ्याला वरून चीक आला. तिसरा बरा.
"घाबरता का, जाऊबाई?"
"छे. इथे उजेड कमी आहे."
"बाहेर बसलोय आपण."
सूनबाईकडून करून घेऊ का म्हटलं, तिचा हात हलका आहे. तर म्हणाली नको, तिच्यापुढे मांडी उघडी टाकायला लाज वाटते. मी म्हटलं माझी नाही वाटत? "वाटते. पण तुमचं काय, तुम्ही नाही तरी नावं ठेवणारच."

१४ एप्रिल
वही बरोबर आणलीय, रेघा लिहून ठेवायला. पातेलं उकळतंय. किती रेघा ते तिने सांगितलं, मी लिहिलं, परत विचारलं, परत तेच सांगितलं. औषध भरलं की उजेडात धरून मोजायच्या. एक रेघ जास्त झाली तर काय होतं ते मला आता माहीत आहे. कमी झाली तर काय, ते विचारलं नाही.
सकाळपासून काही खाल्लेलं नाही, भूकही नाही. हात थरथरतोय. तिला दिसत नाही, बरं आहे.
म्हणाली, "थरथरतोय ना?"
म्हटलं नाही.
"एकच करा. टोचताना डोळे मिटू नका. मिटायचे ते मी मिटते."
तिने लुगडं वर घेतलं. मांडीवर सगळीकडे गाठी, जागा शोधावी लागणार. पाणी उकळलं. उठते.