सायलीच्या उत्तरावरची फुली

१४ नोव्हेंबर, रत्नागिरी

कितीतरी दिवस लिहिलं नाही, चुकलंच. आज मात्र ती लाल फुली डोळ्यांपुढून हलत नाही.

कॉलेजात पेपर तपासत होतो. प्रश्न होता, पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशीत प्रथिन जनुकाला गप्प कसं करतं? विभागप्रमुख सरांच्या नमुना उत्तरात जिवाणूंचीच रीत: प्रथिन डीएनएवर बसून वाट अडवतं. जयगड बंदरावरच्या सायलीने लिहिलं, बरेचदा ते मदतनीस प्रथिनं बोलावतं. ती डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढतात आणि हिस्टोनांभोवतीचा डीएनए इतका घट्ट आवळला जातो की जनुक वाचलंच जात नाही. वर पुन्हा, "जाळं आवळून बांधलं, तर मासा कसा धरणार?"

"मॅडम, ही परीक्षा की मासळीबाजार?" सर हसले आणि फुली मारली. हे गुण गेले तर पोरगी नापास.

"सर, मला वाटतं तिचं बरोबर आहे."

"नमुन्यात आहे का?"

मी गप्प बसले. का? खात्री नव्हती म्हणून, की सर आहेत म्हणून? घरी येऊन पुस्तक उघडलं. वाट अडवणंही असतं कुठे कुठे, पण सायलीचं बरोबरच आहे. मग ती फुली माझीसुद्धा. माझी वाट तर कुणीच अडवली नव्हती.

उद्या: निकाल पाठवायच्या आत पुस्तक घेऊन सरांकडे जाणे.