दोन रिवेटची शिडी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे अर्धाच घातला, उरलेला मनातून.) तुमचा खोकला गेला असेल आणि नव्या चष्म्यातून माझं अक्षर लागत असेल, असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम. दादा आणि मी हल्ली फक्त वकिलांमार्फत बोलतो, त्यामुळे आवाज चढत नाही आणि रक्तदाबही.

मी वडिलांची शिड्यांची कंपनी बुडवायला निघाले आहे, हे तुमच्या कानावर आलं असेल. दादाने सांगितलं असेल तर निम्मं खरं आहे. बावीस वर्षं कारखान्यातल्या प्रत्येक नव्या नमुन्यावर मी चढले, वरच्या पायरीवर उड्या मारल्या. (माझ्या वजनाला घरात नावं ठेवतात, कारखान्यात मात्र तेच प्रमाण होतं.) मग दादाचे जावईबापू संचालक झाले आणि त्यांनी खर्च वाचवायला, पायरी दांड्यांना पक्की धरणारे धातूचे खिळे, म्हणजे रिवेट, दर पायरीला चाराचे दोन केले. मी बैठकीत कडाडून विरोध केला. इतिवृत्तात आलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. पुढच्या बैठकीची नोटीस मला बैठक उरकल्यावर तीन दिवसांनी मिळाली. त्या बैठकीत मला संचालकपदावरून काढलं होतं, तेही सर्वानुमते. माझे शेअर अठरा टक्के, म्हणजे चहा प्यायला मी हक्काची, मत चालवायला नाही. पत्रं लिहिली, उत्तर नाही. शेवटी सरळ कोर्टात अर्ज ठोकला की भागधारकांत विश्वास उरलेला नाही, कंपनी कायमची बंद करा.

सुनावणीला दादाचे वकील तासभर माझ्या हट्टी स्वभावावर बोलले. (अभ्यास चांगला होता.) तेवढ्यात कोर्टातला कारकून उंच कपाटातली फाईल काढायला शिडीवर चढू लागला. शिडी आपलीच, नवीन, दोन रिवेटवाली. मी भर कोर्टात उभी राहिले आणि म्हणाले, "खाली उतरा." तो उतरला. वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवून कारण विचारलं, तर मी रिवेटच मोजून दाखवले. मग त्या दादाकडे वळल्या.

"तुम्हीच बनवता ना? मग फाईल तुम्हीच काढून द्या."

दादा गेला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पाय परत खाली घेतला. त्याचा तसा चेहरा मी वडील गेले त्या दिवसानंतर प्रथमच पाहिला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण थोडाच. जावईबापूंना उंचीवर चक्कर येते, हे त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं.

बाईंनी मला विचारलं, कंपनी खरंच बंद व्हावी असं वाटतं का?

मी म्हटलं, "लंगडी शिडी मी कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. कंपनी लंगडी असेल तर तीही चालू देणार नाही."

महिन्याभरानंतरची तारीख पडली, आणि तोवर दोन रिवेटची एकही शिडी विकायची नाही असा हुकूम झाला. मी मान ताठ ठेवून बाहेर आले. जिना उतरताना कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

तुमची,
हट्टी भाची

ता. क. माझ्या वकिलांनी हे कुणाला सांगू नका म्हटलंय, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. कंपनी बंद झाली तर चाळीस माणसं घरी बसतील आणि एक्केचाळिसावी मी, कायमची. मला ती बंद नकोच आहे. दादा तुमचं ऐकतो. रिवेट चार कर आणि बहिणीला परत घे, असं त्याला सांगा, पण अगदी स्वतःच्या मनातलं म्हणून. माझं नाव निघालं तर मी साफ नाकारीन.

दुसरा ता. क. दादाने वाढदिवसाला तुम्हाला दिलेली शिडी नव्यांपैकीच आहे. तिच्यावर चढू नका. पावतीसकट माझ्याकडे पाठवून द्या, पुरावा म्हणून लागेल. समेट झाला तरी पाठवाच.