मेधाचा श्वास

पुलगाव, रविवार

आज वर्ध्याले कार्यक्रमात मेधासोबत गिटार वाजवली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात शिकवते. दोघांनी एकदम सुरू करायचं तर एकानं नाकानं मोठा श्वास घ्यायचा, हे मीच शिकवलं तिले. "मले ऐकू आला पाह्यजे," म्हणायचो. आज श्वास तिनं घेतला. छान झालं, लोकं उभे राह्यले.

"सर, जेवाले थांबली असती, पण गाडी आहे," म्हणाली. आग्रह करायचा होता का मी? काय म्हणून?

घरी येऊन पुन्हा गिटार काढली. आजच्या गाण्यात माझ्याकडे नुसती साथ, चाल तिच्याकडे. तरी म्हटलं, वाजवू. बोटं तारांवर ठेवली अन् बसलो. बसूनच राह्यलो. मग ध्यानात आलं, मी तिच्या श्वासाची वाट पाहून राह्यलो होतो.