माणूस, झाड आणि सासूबाई

४ मार्च, सकाळी ७
उपास सुरू. ईस्टरपर्यंत मटण बंद. मीही एक व्रत घेतलंय: मेहुण्याच्या नळांच्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. आजपासून मी गार्डन डिझायनर. सरपंच पांतेलिसने चर्चमागची पडीक जागा दिलीय. बावीसला पाहणी. पसंत पडली तर शाळेचं आवारही माझं. नाही पडली तर... डिझायनर असले विचार करत नाही.

७ मार्च
थीम: माणूस आणि वनस्पतींचं सहजीवन. लॉन नाही, गुलाब नाही. आपल्या क्रीट बेटाच्या डोंगरावर बिनपाण्याचं उगवतं तेच लावायचं. रानचिकोरी, रानबडीशेप. दोनशे रोपं लावली. कंबर गेली. बायको आर्गिरो म्हणाली, गवत विकत आणणारा गावातला पहिला माणूस माझ्याच नशिबी यायचा होता.
तिला इकॉलॉजी कळत नाही.

११ मार्च
सासूबाई मैत्रिणींना घेऊन बाग बघून गेल्या. म्हणाल्या, जावईबापू, काय कोवळं लावलंय हो! अकरा वर्षांत पहिलं कौतुक. भरून आलं. म्हटलं, कधीही या, बाग माणसांसाठीच आहे.
कुंपण रद्द.

१३ मार्च
सासूबाईंकडून डबा. उकडलेला पाला, वर लिंबू, ऑलिव्ह तेल. फर्मास! तीनदा वाढून घेतला.

१६ मार्च
डावा कोपरा विरळ. शेळ्या! लेफ्तेरिसला जाऊन झापलं. तो शपथेवर म्हणाला, माझ्या शेळ्या दाव्याला आहेत. शेळीवाल्याने शपथ घेतली की समजावं, खोटं बोलतोय.

१८ मार्च
निम्मी बाग टकली. रोपं मुळाशी सुरीने कापल्यासारखी. हुशार शेळ्या आहेत. उद्या पहाटेपासून पहारा.
पुन्हा डबा. ताटली पावाने पुसून खाल्ली.

१९ मार्च
नऊला जाग आली. पहारा उद्या.

२१ मार्च
पकडलं! पाच म्हाताऱ्या, पाच सुऱ्या, पिशव्या तुडुंब. सगळ्यात पुढे सासूबाई. मी ओरडलो. त्या म्हणाल्या, बोंबलताय कशाला? उपासाला पाला लागतो. माणसांसाठी बाग म्हणालात ना? आणि चाटूनपुसून खाल्लात तो काय आभाळातून पडला?
डोळ्यात धूळ गेली. नाही, रडलोच. आर्गिरोने पाणी दिलं, मग तोंडाला एप्रन लावून हसली.

२२ मार्च
पाहणी. जमीन चकचकीत. सरपंचांना सांगितलं, मोकळी जागा हाच डिझाइनचा गाभा. त्यांनी ऐकून घेतलं. तेवढ्यात सासूबाई ताटली घेऊन आल्या, मैत्रिणींशी पाल्याच्या वाटणीवरून भांडतच. सरपंच खाली बसले, खाल्लं, पुन्हा मागितलं. म्हणाले, या जागेत दहा वर्षांत माणूस फिरकला नव्हता. इथे आज पाच बायका भांडतायत. याला म्हणतात बाग! पास. शाळाही दिली.
जिंकलो!! सहजीवन जिंकलं!

२४ मार्च
ग्रामपंचायतीचा कागद आला. डिझायनर: श्रीमती एवान्थिया, म्हणजे सासूबाई. मी पाणी घालायचं आणि रोपं आणायची. बागेची पाटीही मलाच रंगवायला सांगितली. रंगवली. ‘एवान्थियाबाईंची बाग’.
अक्षर सुबक आलंय. त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.