दुर्मिळ अक्षरांची खिडकी

चेंगदू, मंगळवार

प्रिय यानशू,

नोकरी सोडून तू गावी खानावळ काढलीस आणि मला साधा निरोपही धाडला नाहीस, म्हणून रुसून बसायचं ठरवलं होतं. पण तुझ्या हातच्या तिखटजाळ शेवया आठवल्या की रुसवा टिकत नाही. इथे थंडी पडलीय. ऑफिसात लिआओ साहेब अजून तसेच, दिसेल त्याच्यावर खेकसणारे.

परवा तुझ्या बाबांची आठवण निघाली. बँकेतल्या बाईने त्यांना ऐकवलं होतं ना, "आजोबा, तुमच्या आडनावाचं अक्षर कॉम्प्युटरात नाही, आडनाव बदलून घ्या." त्यावर ते उसळले होते, "आडनाव माझ्या बापजाद्यांचं आहे! कॉम्प्युटर तुमचा, तो बदला की!" त्या रागातूनच तू आपल्या चिनी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्मिळ अक्षरांची खिडकी बसवलीस. लॉगिनलाच नाव टाइप करावं लागतं, म्हणून ती पासवर्डच्याही आधी उघडते. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. अजून वाटतो.

पण पासवर्डआधी चालावी म्हणून तू तिला मशीनचे सगळेच अधिकार देऊन टाकलेस, यानशू. दारावर पाटी रंगवायला आलेल्याच्या हाती अख्ख्या घराच्या किल्ल्या! काल तपासताना मी साध्या पाहुण्याच्या खात्यातून त्या खिडकीत शिरले आणि बघता बघता मशीनची मालकीण झाले. दवाखान्यातल्या, शाळेतल्या कुठल्याही मशीनपाशी बसून कोणीही हे करू शकेल.

हे अजून कोणालाच ठाऊक नाही. फोनवर टाइप केलेलं कोणाच्या नजरेस पडेल सांगता येत नाही, म्हणून हाताने लिहून कुरियरने धाडतेय. शुक्रवारच्या बैठकीत मला हे सांगावंच लागेल. आणि गेलेल्याच्या माथी खापर फोडायची आपल्याकडची रीत तू जाणतोस. लिआओ म्हणतील, "स्वतः सुटला आणि घाण आमच्यासाठी ठेवून गेला!" खिडकीही कायमची बंद करतील. पण सॉफ्टवेअरमधलं असं भोक जो स्वतःहून कळवतो, त्याचे जाहीर आभार मानायची रीतही इथलीच. म्हणून शुक्रवारच्या आत तूच कंपनीला कळव. चूक माझी, असं स्वच्छ लिही आणि खिडकी न मोडता ती कशी सुधारायची तेही लिही; ते तुझ्याइतकं कोणाला जमणार? तू गप्प राहिलास तरी शुक्रवारी मी बोलणारच आहे. पण तुझ्याकडे उठलेलं पहिलं बोट माझं असावं, हे मला सोसणार नाही रे.

अजूनही तुझीच,
रुओलान