खाडीतला बगळा आणि मी

ती. आईस सुदेशचा डोंबिवलीहून नमस्कार.

मी बरा आहे. तू कधीची माझा फोटो मागतेस, तो सोबत पाठवतोय. रात्रपाळी सुटली की खोलीवर न जाता मी खाडीवर जाऊन बसतो. त्या दिवशी पाणी इतकं शांत होतं की बगळ्याचं एकेक पीस त्यात दिसत होतं. तो धक्क्याखालीच उभा होता. ओणवा होऊन त्याचा फोटो काढला, तर पाण्यात मीही आलो.

चेहरा ओढलेला दिसला तर काळजी करू नकोस, पाणी जरा हललं असेल. जेवण वेळेवर होतं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

फोटोवरून मीठमोहऱ्या तू ओवाळशीलच. मग बगळ्यावरूनही ओवाळ. तोही तिथे एकटाच होता.

तुझा,
सुदेश