रिलीव्हर गैरहजर

सावेडी, नगर
१५ ऑक्टोबर २०२४

राधाकृष्णराव,

वैजनाथचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींना सांगा, लिंबाचं लोणचं संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे (ही मागणी नाही, बरणीची खुशाली आहे).

ताजी बातमी अशी की माझ्या जुन्या संगणकावर आपलं शेत आता कधीच उघडणार नाही. ज्या लाँचरमधून आपण त्या शेतीच्या खेळात शिरायचो, त्याने विंडोज सातची साथ जानेवारीतच सोडली. काल कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बिभीषणने हे पक्कं सांगितलं. मग मधले नऊ महिने मी काय करत होतो, हे त्याला समजावता आलं नाही. तुम्हाला समजेल.

सूचना मला आली होती. मागच्या वर्षी कित्येक महिने पडद्यावर रोज पट्टी यायची, अमुक तारखेपासून बंद. मी वाचायचो आणि मिटवायचो. छत्तीस हंगाम श्रीगोंद्याला बॉयलरवर काढलेल्या माणसाला 'बंद'चं काय कौतुक? कारखान्याच्या फाटकावर दर उन्हाळ्यात तशी नोटीस लागायची आणि दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पुन्हा पेटायचा. तेव्हा मी संगणक पुसला, कीबोर्ड उलटा करून झटकला (चिवड्यातले शेंगदाणे निघाले), सगळं लेकीच्या, धनश्रीच्या आईच्या जुन्या साडीत गुंडाळलं आणि हंगामाची वाट बघत बसलो. मला वाटलं, तुमच्याकडेही बंदच असणार.

शनिवारी, दसऱ्याला, साडी सोडली, झेंडू वाहिले, नारळ फोडला (बॉयलरवर फोडायचो तसाच, त्याच्या अंगावर, त्यामुळे कीबोर्डात पाणी गेलं). संगणक सुरू झाला. लाँचर उघडेना. काल सगळं रिक्षात घालून बिभीषणकडे नेलं. तो म्हणाला, "काका, ह्ये आता परत चालू व्हायचं न्हाई. शुगर फॅक्टरी हाय का ही?"

तुम्ही विचाराल, फोन का केला नाही. फोनवर आपण बोलणार काय? इतकी वर्षं तुम्ही पहिल्या पाळीत आणि मी चारला तुमचा रिलीव्हर म्हणून यायचो. मधली दहा मिनिटं वाफेचा दाब, पाण्याची पातळी, चार्ज दिला, चार्ज घेतला. तुम्हाला दोन मुलगे आहेत हे मला निवृत्तीच्या जेवणात कळलं. खेळातही आपण तेच केलं. सकाळी तुम्ही पुणतांब्याहून नांगरायचं, चारला निरोपाच्या पाटीवर 'डिझेल अर्धं, उसाला पाणी राहिलंय' असं लिहायचं, मग दोन ट्रॅक्टर बांधाला समोरासमोर. तुम्ही दिवा दोनदा लावायचात, मी एकदा. या फ्लॅटमध्ये दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोलायचं.

तर बिभीषणने त्याच्या संगणकावर माझ्या नावाने शेत उघडून दाखवलं. मी पाटी बघितली. जानेवारीपासून रोज तुमच्या हातची एकच ओळ. 'चार वाजले. रिलीव्हर गैरहजर. ड्युटी चालू.' बिभीषण खाली सरकवत राहिला, ओळ काही बदलेना. गुढीपाडवा, पोळा, गणपती, दसरा. शेवटची कालचीच होती. त्याने विचारलं, "ह्ये कोण?" मी म्हटलं, पहिल्या पाळीचे.

तिथे मी काही लिहिलं नाही. दुसऱ्याच्या मशीनवरून चार्ज घेत नसतात. म्हणून हे पत्र. नऊ महिन्यांच्या डबल ड्युटीबद्दल माफी असावी.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. संगणकासाठी हळहळू नका. धनश्रीने मार्चमध्येच पुण्याहून नवा पाठवला आहे. खोकं अजून फोडलेलं नाही. बॉयलरचं अग्निप्रदीपन आपल्याकडे नेहमी जोडप्याच्या हातून व्हायचं, आणि इथे मी एकटाच. तुम्ही आणि वहिनी येऊन नारळ फोडाल का? (जमिनीवर.)

पुन्हा ता. क. २७ तारखेला, रविवारी या. तुमच्याकडची सकाळची एसटी अकराच्या सुमारास तारकपूरला लागते, मी दहालाच स्टँडवर असेन. गाडीला उशीर झाला तरी काळजी करू नका. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम मलाही पाठ आहे.